आधी घुम्या

वाजवताना तो हलत नसे. बाकीचे तिघं घामाघूम होत, गाणारा तर अधूनमधून जमिनीवर लोळण घेई, आणि हा बसची वाट बघत असल्यासारखा उभा. त्याचं वाद्य बेस; दिसायला गिटारसारखंच, पण लांब दांड्याचं आणि चार जाड तारांचं. इतर लोक ते कमरेपाशी लोंबतं ठेवतात. हा पट्टा आखडून ते छातीशी घेई, वरच्या टोकावर हनुवटी टेकवी आणि डोळे मिटून वाजवी. लोकांना ती ऐट वाटे. ऐकायला येणाऱ्या पोरांपैकी काही जण आरशासमोर उभं राहून तशीच हनुवटी टेकायचा सराव करत, असंही माझ्या कानावर आलं होतं. तो टेकून ऐकत होता, हे त्यांना कुठून कळणार? ते तर त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्यांनाही कळलं नव्हतं.

मी शाळेत शिकवायची आणि तो माझ्या वर्गात होता. हुशार म्हणावा असा नव्हता, ढ तर मुळीच नव्हता. प्रश्न विचारला की उभा राही, उत्तर देई आणि बसे. त्यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे घाम निघे. पोरांनी त्याचं नाव घुम्या ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे त्याच्या आईनेही तेच उचललं. मी जरा रागावले, तर म्हणाली, “अहो बाई, ओठांवर ओळखायला सोपं पडतं.”

त्याची आई एका दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्री करायची. घुम्याच्या जन्मानंतर तिचे कान हळूहळू मिटत गेले, आणि तो शाळेत जायला लागेपर्यंत पुरते मिटले. वडील त्याआधीच गेले होते. दोन खोल्यांचं घर, लाकडी जमीन. आईला बोलवायचं तर टेबलावर थाप मारायची किंवा टाच आपटायची. हादरा पायाशी पोचला की ती वळे. मग तिच्याकडे तोंड करून, सावकाश, शब्द अर्धा न गिळता बोलायचं. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते, त्यामुळे हे सगळं माझ्याही अंगवळणी पडलं. घुम्या कमी बोलायचा त्यामागे हेही असावं. प्रत्येक शब्द पुरा उच्चारायचा म्हटला की माणूस फालतू शब्द आपोआप गाळतो.

शिक्षण संपल्यावर तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पुठ्ठा कापायच्या यंत्रावर. काम वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. त्याच सुमारास बँड निघाला.

चौघं होते. गाणी लिहिणारा आणि गाणारा वकील. खरा वकील नव्हे. वीजबिलाच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. वाद घालायची हौस म्हणून हे नाव. दुसरी दोघं बहीणभाऊ. दादा फ्रिज दुरुस्त करायचा आणि गिटार वाजवायचा. त्याची बहीण ड्रमवर. तिला सगळे धाकटी म्हणत, जरी दादाच्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसे. त्यांच्या मामांचं फर्निचरचं दुकान बुडालेलं होतं आणि त्याखालचं तळघर रिकामं पडलं होतं. भिंतींना बारा महिने ओल. बँडचं नावही त्यांनी तेच ठेवलं, ‘ओल’.

वरच्या मजल्यावर एक म्हातारे शिंपीकाका राहत. पहिल्याच आठवड्यात ते कात्री हातात घेऊन खाली आले. धाकटीला वाटलं, आता गाशा गुंडाळावा लागणार. काका म्हणाले, “ढोल बडवायचा तितका बडवा. पण ती झांज नको. माझ्या दाढेत जाते.” धाकटीने ड्रमच्या संचातल्या सगळ्या झांजा काढून टाकल्या. त्यानंतर ओलच्या गाण्यांमध्ये झांजेचा चमचमाट कधी आलाच नाही. नुसता खालचा, दबका ठोका. पुढे लोक त्याला ओलची शैली म्हणू लागले. शिंपीकाकांच्या दाढेचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

या प्रकाराला पोस्ट-पंक म्हणतात हे मला वकिलाने समजावलं. “बाई, आधी पंक आलं. त्यात सगळे ओरडत होते. ओरडून काही होत नाही हे कळल्यावर जे उरलं, ते आम्ही वाजवतो.” मी कानात कापूस घालून एकदोनदा जाऊन बसले. आवडलं असं म्हणवत नाही, पण विसरताही येत नसे. गिटार काच ओरबाडल्यासारखी कधीतरी यायची आणि जायची. गाणं चालवायचं ते घुम्याच्या बेसने. इतरांकडे बेस मागे असतो. यांच्यात तो पुढे, आणि बाकी सगळे त्याच्या मागून चालायचे.

याचं एक कारण म्हणजे त्यांची रीत. सुरुवातीला चौघांत मिळून धड वाद्य एकच, घुम्याचा बेस. दादाच्या गिटारच्या खुंट्या सैल होत्या, दर गाण्याला तारा उतरायच्या. तेव्हा असं ठरलं, की तारा लावायच्या त्या घुम्याच्या सुरावरून. तालीम असो की कार्यक्रम, सुरू करण्याआधी कुणीतरी म्हणायचं, “आधी घुम्या.” मग सगळे गप्प. घुम्या जाड तार छेडी, आणि तो सूर धरून दादा आपल्या तारा पिळी. त्या वेळात कुणी खोकतसुद्धा नसे. पुढे दादाकडे उत्तम गिटार आली, सूर दाखवणारं छोटं यंत्रही कुणीतरी भेट दिलं. वकिलाने ते तळघरातल्या खणात टाकलं. “यंत्रावर लावायला आपण काय वजनकाटे आहोत?” आपल्या जुन्या रेकॉर्डही ते कधी ऐकत नसत. आपलंच गाणं ऐकत बसणं म्हणजे आपलेच फोटो चाळत बसणं, असं त्यांचं मत. या दोन अभिमानांच्या गोष्टींनीच पुढे त्यांचा घात केला.

कुठल्या कंपनीच्या दारात ते गेले नाहीत. रेकॉर्ड स्वतः काढायच्या, स्वतः विकायच्या. वेष्टनं घुम्या कारखान्यातल्या टाकाऊ पुठ्ठ्याची कापून आणी, आणि आमच्या जिन्यात बसून चौघं ती डिंकाने चिकटवत. घुम्याची आई मदतीला बसे. एकदा तिने विचारलं, “यात आहे तरी काय?” धाकटी ओठ हलवून म्हणाली, “दुःख आहे, मावशी.” आई म्हणाली, “मग डिंक जरा जास्त लाव.” घुम्या इतका मोठ्याने हसलेला मी तेव्हाच पाहिला.

पहिली रेकॉर्ड आसपासच्या गावांत फिरली. दुसऱ्या गावांतून बोलावणी यायला लागली. चौघं दादाच्या कामाच्या गाडीतून, फ्रिजच्या सुट्या भागांवर बसून जात आणि सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर होत. घुम्या तिशीला आला होता. लग्न केलं नाही, मित्र नाहीत, कारखान्यात डबा एकट्याने खायचा. बँड हेच त्याचं घराबाहेरचं सगळं.

आणि मग एका संध्याकाळी, जेवताना, आईने त्याला पकडलं. हे मला तिनेच सांगितलं.

ती बोलत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. एकाएकी तिने हात तोंडावर धरला आणि हाताआडून बोलली. घुम्याचा घास हातातच राहिला.

“काय म्हणाले मी?”

तो तिच्या हाताकडेच बघत राहिला.

“मी बहिरी आहे, तू नाहीस. मग माझ्या ओठांकडे का बघतोस?”

“सवय आहे, आई.”

“सवय बोलताना असते. ऐकताना नसते.” तिने हात खाली घेतला. “कधीपासून?”

त्याने सांगितलं. दोन वर्षं झाली होती. आधी कारखान्याच्या यंत्राचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला, त्याला बरंच वाटलं. मग एकेक करत पावलं, नळ, दार. डॉक्टरकडे तो गुपचूप जाऊन आला होता. आईकडून आलेलं दुखणं. कानातली बारीक हाडं आखडत जातात. त्यावर यंत्रं आणि तळघर मिळून आतली नसही झिजवत होती. बाहेरून आवाज येत नव्हता, पण हाडांतून अजून येत होता. बेसला दात किंवा हनुवटी टेकवली की कवटीच्या आत सूर वाजे. त्यावर त्याचं चाललं होतं.

“त्यांना सांग,” आई म्हणाली.

“सांगितलं की संपलं.”

“का? ती चांगली माणसं आहेत.”

“म्हणूनच. चांगली माणसं सांभाळून घेतील. मला सांभाळून घ्यायला नको, वाजवायला हवंय.” मग हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, “आई, ते गेलं तर मी नुसता पुठ्ठा कापणारा.”

कुणाला सांगणार नाही असं तिने वचन दिलं. मला हे सांगितलं ते पुष्कळ नंतर, सगळं उघड झाल्यावर.

वर्ष सरत गेलं तसा हाडांतून येणारा सूरही फिका पडायला लागला. तेव्हा घुम्याला एक गोष्ट सापडली. तार जरा सैल केली की ती जास्त थरथरते, आणि ती थरथर हनुवटीला, छातीला, बोटांना जास्त लागते. म्हणून तो खुंटी केसभर उलटी फिरवी. दर थोड्या महिन्यांनी आणखी केसभर. “आधी घुम्या” म्हटलं की दादा त्या खाली आलेल्या सुरावर आपल्या तारा लावी. बदल इतका हळू, की कुणाला कळला नाही. दादाच्या तारा फदफदायला लागल्या तेव्हा त्याने जाड तारा आणल्या आणि खूश झाला: “बघ, कशी गुरगुरतेय!”

दुसरी रेकॉर्ड पहिलीपेक्षा काळोखी निघाली. एका मासिकात तिची वाखाणणी आली. या बँडने धाडसाने आणखी खोल उडी घेतली आहे आणि गायकाचा आवाज कबरीतून आल्यासारखा वाटतो, असं काहीसं. धाकटीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वकील हसला नाही. “कबरीतूनच येतोय तो.”

कारण या सगळ्याची किंमत तो मोजत होता. माणसाच्या गळ्याला जाड तारा बसवता येत नाहीत. पट्टी खाली सरकत होती आणि तिच्याबरोबर त्याला खाली जावं लागत होतं, आवाजाचा तळ खरवडत. जिथे पूर्वी तो गरजत असे तिथे आता कुजबुज निघे. आपलंच जुनं गाणं आपल्याला पेलत नाही, याचा अर्थ त्याने सरळ लावला: गळा गेला. सिगारेट सोडली, थंड पाणी सोडलं. घशाच्या डॉक्टरने काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तर त्याने दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा. सगळे आपल्यापासून काहीतरी लपवतात असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा रस्त्यात भेटला तर गळ्याला मफलर, आणि दिवस चांगले उन्हाचे. म्हटलं, “काय रे, बरा आहेस ना?” म्हणाला, “बाई, आवाज संपला की वकिलाने काय करायचं हो?” थट्टेचा सूर होता, पण डोळे भलतीकडेच होते.

तिसऱ्या रेकॉर्डचं काम निघालं तेव्हा त्याने तिघांना सांगून टाकलं, “ही शेवटची. यानंतर मी नाही.” धाकटी रडली, दादाने भिंतीला लाथ घातली. घुम्याला ते कळलं ते धाकटीच्या चेहऱ्यावरून. त्याने तिला पुन्हा सांगायला लावलं, बाहेर गाडीचा आवाज होता असं म्हणून.

या रेकॉर्डमधलं एक गाणं धाकटीला पियानोबरोबर हवं होतं. वकिलाचं शेवटचं म्हणून काहीतरी वेगळं. पियानो आमच्या शाळेच्या सभागृहात होता. मी तेव्हा नोकरीतच होते. सुट्टीतल्या एका सकाळी सभागृह मिळवून दिलं. अट एकच, पियानो संगीताच्या सरांच्या देखरेखीखाली वाजवायचा. ते पियानोला सासरी निघालेल्या मुलीसारखं जपत. चौघांनी तारांची भेंडोळी आत आणली तेव्हाच सरांच्या कपाळावर आठी पडली.

सगळं मांडून झालं. दादा म्हणाला, “चला. आधी घुम्या.” शांतता. घुम्याने तार छेडली, दादाने तारा लावून घेतल्या. धाकटीने पियानोवर बसून गाण्याची सुरुवात वाजवली, आणि दोघं तिच्यात मिसळले.

मला संगीतातलं काही कळत नाही, पण मीसुद्धा दचकले. दोन भांडकुदळ माणसं एकाच वेळी बोलायला लागल्यासारखं झालं.

“थांबा, थांबा,” दादा म्हणाला. “बाई, तुमचा पियानो गेला.”

“गेला?” सर उठलेच. “परवाच लावून घेतलाय तो.”

“मग परवा लावणाऱ्याला परत बोलवा.”

“तुमची पट्टी बघा आधी! दीड-दोन स्वर खाली आहात तुम्ही. हे काय लावणं म्हणायचं?”

“आम्ही नेहमी असंच लावतो.”

“नेहमी असंच लावता, मग नेहमीच चूक लावता.”

घुम्या एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत होता. इतकी माणसं एकदम बोलली की ओठ वाचणं जमत नाही, हे त्याच्या आईमुळे मला ठाऊक होतं. त्या क्षणी मात्र तो तसं करतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

वकील स्टेजच्या कडेला बसून राहिला होता. म्हणाला, “पियानोला कशाला बोल लावता? माझ्यामुळे होतंय. माझ्या गळ्यासाठी सगळे खाली आले असतील, नकळत.”

सर जरा नरमले. त्यांनी पियानोची एक पट्टी दाबली. “या स्वरात म्हणा बघू पहिली ओळ. भीत भीत नका म्हणू.”

“नाही यायची.”

“नाही आली तर नाही आली. फी घेत नाही मी.”

वकील उठला, मफलर सैल केला आणि त्या स्वरात पहिली ओळ म्हणाला.

आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीला जाऊन आदळला. भरलेला, खणखणीत आवाज. वर्षानुवर्षं कुठेतरी कोंडून ठेवलेला. धाकटी पियानोवरून अर्धी उठली होती. वकील स्वतःच्या गळ्याला हात लावून उभा, कुणी दुसरंच गायल्यासारखा.

“हा तुझा जुना आवाज आहे,” धाकटी म्हणाली.

दादा बेसकडे वळला. तो भला माणूस. त्याने लगेच वाट काढून दिली. घुम्याच्या खांद्याला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाला, “तारा उतरल्या असतील रे. जुन्या झाल्यात. चल, वर लाव, पियानोला जुळवून घे आणि सुरू करू.”

हे घुम्याला समजलं. होकारार्थी मान डोलावली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. तारा जुन्या झाल्या, एवढंच झालं असतं. बँड राहिला असता, आणि कदाचित वकीलही. पण वकील अजून पुटपुटत होता, “मग डॉक्टर म्हणत होते ते… पण मग इतकी वर्षं मला का…” घुम्या त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

मग तो पियानोपाशी गेला. सरांना म्हणाला, “तीच पट्टी दाबा. सोडू नका.” आणि वाकून त्याने पियानोच्या लाकडी कडेत दात रोवले.

सर ओरडलेच, “अहो, काय करताय!” पण हात पट्टीवरून काढला नाही. घुम्या डोळे मिटून तसाच राहिला. मग उभा राहून आपल्या बेसच्या टोकाला दात लावले आणि तार छेडली. परत पियानो. परत बेस. एवढा सज्ञान माणूस, भर सकाळच्या उजेडात, एका लाकडावरून दुसऱ्या लाकडावर तोंड नेत होता, आणि आम्ही सगळे बघत होतो. शेवटी त्याने तोंड पुसलं.

“पियानो बरोबर आहे,” तो म्हणाला. “गळाही बरोबर आहे. पट्टी मी उतरवली. तार सैल असली की मला अंगाला लागते. मला ऐकू येत नाही.”

दादा हसला. त्याला थट्टा वाटली. कुणीच साथ दिली नाही तेव्हा थांबला.

“कधीपासून?” धाकटीने विचारलं, त्याच्याकडे तोंड करून. सगळ्यांत आधी तिच्या ध्यानात आलं.

“दुसऱ्या रेकॉर्डच्या आधीपासून.”

वकील वळून खिडकीकडे गेला. पाठमोराच बोलायला लागला, आधी हळू, मग त्या सापडलेल्या आवाजात. “तीन डॉक्टर केले मी. एकाला तोंडावर खोटारडा म्हणालो. घशात गाठ आहे आणि मला सांगत नाहीत, असं माझ्या आईला सांगून तिला रडवलं. रोज सकाळी आरशात आ करून बघत होतो. आणि हा शेजारी उभा होता!”

“काय म्हणालास?” घुम्या म्हणाला. “तोंड इकडे कर.”

वकील वळला, त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून, नुसत्या ओठांनी, आवाज न काढता म्हणाला, “तू. शेजारी. उभा. होतास.”

“होतो,” घुम्या म्हणाला.

वकील निघून गेला. त्या दिवशी काही वाजलं नाही. संगीताच्या सरांनी पियानोच्या कडेवरचे दातांचे वण बोटाने चाचपले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “राहू दे, बाई. दिसत नाहीत फारसे.”

त्याला लगेच कुणी काढलं नाही. वकील धाकटीच्या आग्रहाने परत आला, घुम्याशी कामापुरतं बोलायला लागला. तारा यंत्रावर लागल्या, वरच्या पट्टीत. घट्ट तारा घुम्याला बोटांखाली मुक्या लागत, पण त्याचा हात पक्का होता, आठवणीवर वाजवत होता. आईच्या मते तेही निभावलं असतं. निभावलं नाही ते वेगळ्याच कारणाने. एका रविवारी तो तालमीहून लवकर परतला तेव्हा मी जिन्यात होते. म्हटलं, “आज लवकर?”

“ते माझ्याकडे बघून वाजवतात, बाई,” तो म्हणाला. “आधी मी चालायचो, ते मागून यायचे. आता माझा पाय कुठे पडतो ते बघत चालतात. धाकटी तर मी यायच्या आधी थांबते. हात धरून रस्ता ओलांडून दिल्यासारखं.” मग म्हणाला, “मी त्यांना सांगून आलो.”

वकिलाने त्याला थांबवलं का, हे मी विचारलं नाही. पण थांबवलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

महिन्याभरात दुसरी बेस वाजवणारी मिळाली. शाळेची बस चालवणारी, चाळिशीची, दणकट बाई. मी तिला ड्रायव्हरबाई म्हणते. तिचा हात चांगला होता, पण ओलची गाणी कुठे लिहिलेली नव्हती. होती ती घुम्याच्या बोटांत. रेकॉर्ड ऐकून शिकावं तर त्या वेगवेगळ्या पट्टीत. तेव्हा धाकटीच तिला घेऊन आली आणि घुम्याला म्हणाली, “नाही म्हणालास तरी चालेल.”

तो नाही म्हणाला नाही. दर रविवारी सकाळी ड्रायव्हरबाई येऊ लागल्या. घुम्या त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसे आणि वाद्याच्या लाकडावर तळहात ठेवी. “अजून उशिरा. इथे घाई करू नका, धाकटीला येऊ द्या.” “इथे सोडून द्या. वकील श्वास घेतो इथे.” कुणाचा श्वास कुठे, कुणाची चूक कुठे, दादा कुठे हटकून पुढे धावतो, सगळं त्याला पाठ होतं. एकेक गाणं असं त्याच्याकडून तिच्याकडे गेलं. मी दारातून बघायची. शाळेत त्याला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी एकच गाणं उरलं, त्या पियानोचं. ते मात्र शिकवून होईना. कधी म्हणे, बोट चुकतंय. कधी म्हणे, लय बसत नाही. ड्रायव्हरबाई बिचाऱ्या पुन्हा पहिल्यापासून वाजवत. असे चारपाच रविवार गेले. त्याची आई कोपऱ्यात बसून बोटांकडे बघत असे. एक दिवस ती त्याला म्हणाली, मी समोर असतानाच, “तिला येतंय रे ते. मागच्या खेपेलाच आलं होतं.”

“तुला काय कळतं त्यातलं?” तो म्हणाला. असं आईशी तो कधी बोलत नसे.

“मला तिची बोटं दिसतात. आणि तुझं तोंड दिसतं. किती दिवस अडवून धरणार तिला?”

त्या रविवारी ड्रायव्हरबाईंनी गाणं वाजवलं आणि त्याने एकदाही टोकलं नाही. तळहात लाकडावर तसाच. तार थांबल्यावरही त्याने तो लगेच उचलला नाही.

“झालं,” तो म्हणाला. “आता सगळी तुमच्याकडे.”

ड्रायव्हरबाईंनी खाली वाकून वाद्य पेटीत ठेवलं आणि कड्या लावता लावता, मान खाली घालूनच, म्हणाल्या, “मी पुढच्या रविवारी अशीच येऊ का? नुसती, गप्पा मारायला?”

घुम्या खिडकीकडे बघत होता. त्याला काही कळलं नाही. ड्रायव्हरबाईंना वाटलं, तो मुद्दाम बोलत नाहीये, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. मी पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात त्याच्या आईकडे लक्ष गेलं. कोपऱ्यातून तिला ड्रायव्हरबाईंचे ओठ दिसले होते. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. तिचं तिला सांगू दे.

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.